कपाटाची पाठ

तुरीला फूल आलं की आमच्याकडं नाटकाचा हंगाम सुरू होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ती गाठ पक्की बसली आहे. लातूरहून अहमदपूरकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं पिवळी दिसायला लागतात. टपरीवरच्या चहाची वाफ जरा जास्त वेळ टिकते. शाळा सुटल्यावर तिथल्या एखाद्या हॉलमधून मोठी माणसं एकमेकांवर ओरडत असल्याचा आवाज येतो. आत बँकेतला कॅशियर कुणाचा तरी बाप झालेला असतो आणि औषधाच्या दुकानातला माणूस त्याच्याशी भांडत असतो. नांदेडच्या स्पर्धेला महिना उरलेला असतो. अशा वेळी मला फोन येतो, कारण मी जुनी दारं विकतो.

परवा तो आला. फोन वैशाली मॅडमचा होता. त्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतात आणि हंगामात नाटकं बसवतात. म्हणाल्या, "काका, यंदा पुन्हा तेच नाटक करायलोत. कपाट लागतंय."

मी म्हणालो, "कपाट माझं न्हाई. पुढच्या घरी विचारा."

"पुढचं घर म्हणजे तुमच्या भावाचंच ना?"

"विचारा म्हणालो ना," म्हणून मी फोन ठेवला.

तेव्हापासून माझं चित्त धंद्यात नाही. काल एका माणसाला शिसवीची खिडकी सागाच्या भावात देऊन बसलो. माझ्या हातून असं होत नाही.

माझा धंदा साधा आहे. उदगीरला, देगलूरला, निलंग्याला जुनं घर पाडायला काढलं की मी तिथं पोचतो. चौकटी, दारं, खिडक्या उतरवून आणतो, घासूनपुसून उभ्या करतो आणि नवं घर बांधणाऱ्याला विकतो. दहावीतून उठलो तेव्हा माझ्याकडं एक पटाशी आणि उसनी सायकल होती. बाकी सगळं ह्या दोन हातांनी आणि ह्या तोंडानं केलं. बोटाच्या पेरानं दार वाजवलं की लाकडाच्या पोटात काय आहे ते मला कळतं. आणि सौद्याचा एकच नियम मला माहीत आहे. भाव आधी समोरच्यानं बोलायचा. तो बोलला की आपण लगेच हो-नाही करायचं नाही. लाकडाकडं बघत गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यात माणूस स्वतःहून पुढं सरकतो.

हा नियम मी घरातही पाळला. बारा वर्षं पाळतो आहे.

आमचं घर वडिलांनी वाटून दिलं होतं. पुढचा भाग, रस्त्याच्या तोंडाचा, दादाला. दादा माझा थोरला भाऊ, हायस्कुलात नोकरीला. वडील म्हणाले, नोकरदार माणूस आहे, येणंजाणं असतं, त्याला पुढचं असू द्या. मला मागचा भाग मिळाला, बोळाच्या तोंडाचा. माझी तक्रार नव्हती. दादाची मधली खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होतं, आणि ते दार मी स्वतः बसवलं होतं. उदगीरहून आणलेलं, पितळी फुल्यांचं, माझ्या धंद्यातलं पहिलं चांगलं दार. विकलं असतं तर त्या वेळी मला बरंच सुटलं असतं. नाही विकलं. त्या दारातून दिवसभर वाट्या इकडून तिकडं जायच्या. वहिनींच्या हातचं उकडशेंगांचं पातेलं यायचं, आमच्याकडून ठेचा जायचा. ते दार लावलेलं मला आठवत नाही.

मग दादाच्या मुलीला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मी देगलूरला माल बघायला गेलो होतो. निरोप मिळाला तसा मिळेल त्या गाडीनं परतलो. अंगावर चुना-माती, हातात पेढ्यांचा पुडा. घरी पोचलो तो थेट मधल्या दारातून बैठकीत गेलो. आपल्याच घरात कुठून जायचं याचा विचार कोण करतं? पाहुण्यांतला एक म्हातारा चष्मा वर करून म्हणाला, "हे कोण?"

दादा म्हणाला, "ते होय? ते मागं राहतात."

एवढंच. भाऊ म्हणाला नाही. नाव घेतलं नाही. मागं राहतात, म्हणजे भाडेकरू असतो तसं.

माझं डोकं किती लवकर फिरतं ते सगळ्या मार्केटला ठाऊक आहे. पुडा मी खाली आपटला. "हाव, मागंच राहतो! मागं राहून लाकडं वाहिली म्हणून हे पुढं बसून चहा प्यायलेत!" आणखीही बोललो. काय काय बोललो ते सुमन, माझी बायको, अजूनही मला सांगत नाही. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. सोयरीक मोडली. पुढं त्या पोरीचं देगलूरला चांगल्या घरात झालं, दोन लेकरं आहेत, मजेत आहे. पण दादाच्या मनात ते तसंच राहिलं, की ह्यानं माझ्या लेकीची सोयरीक मोडली. आणि माझ्या मनात राहिलं, ते मागं राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर मधल्या दारात कपाट. लोखंडी, चौकटीत बरोबर मावेल असं. त्याचं तोंड, आरसा, मुठी, सगळं दादाच्या बाजूला. माझ्या बाजूला पाठ. बिनरंगाचा पत्रा, त्यावर कारखान्यातल्या खडूचा एक आकडा आणि खाली एका कोपऱ्यात पोचा.

मी पत्र्यावर हात मारला. "दादा! ही काय भिंत घातलीस?"

पलीकडून शांत आवाज आला, "भिंत कुठं घातली? कपाट ठेवलंय. जागा न्हवती."

यावर मी वर्षानुवर्षं विचार करत आलो आहे. माझा जन्म दारं-चौकटींत गेला, तेव्हा एवढं सांगायचा मला अधिकार आहे. भिंत प्रामाणिक असते. ती घालायला गवंडी लागतो, विटा लागतात, चार लोक बघतात, घालणाऱ्याला कबूल करावं लागतं की हो, मी घातली. दार त्याहून प्रामाणिक. लावलं तर लावलं, उघडलं तर उघडलं. पण दारात कपाट ठेवणाऱ्याला काहीच कबूल करावं लागत नाही. त्याला कुणी विचारलं तर तो म्हणतो, कपडे ठेवायला जागा नव्हती. आमच्या गल्लीत, आमच्या नात्यात, मी अशी कितीतरी कपाटं पाहिली. कुठं फ्रिज असतो, कुठं धान्याची कोठी, कुठं देवघर सुद्धा सरकवून दारात आणलेलं असतं. भाऊ भावाशी भांडला असं कुणी म्हणत नाही. सामान वाढलं, म्हणतात.

मीही हटलो नाही. ते दार माझ्या बाजूला उघडतं. मी ते कधीही लावलं नाही. रोज सकाळी फुल्या पुसायच्या आणि दार सताड उघडं ठेवायचं. सुमन म्हणायची, "अहो, पत्रा बघत बसायला कशाला उघडं ठेवता? लावा की."

"माझं दार उघडं हाय. बंद काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं."

पत्र्याला खिळा मारता येत नाही. मी भंगारातल्या एका जुन्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि त्यानं त्या पाठीवर कॅलेंडर लावलं. महिना संपला की पान उलटायचं आणि चुंबक सोडायचं. ते पत्र्याला असं ओढलं जातं की खट् करून आवाज होतो. दर पहिल्या तारखेला खट्. पत्र्यातून तिकडचंही ऐकू यायचं. वहिनींच्या बांगड्या, लॉकरची किल्ली, दिवाळीआधी डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास आला की सुमन हातातलं काम थांबवायची. त्या दोघींचं कधीच काही वाकडं नव्हतं.

हे सगळं मी वैशाली मॅडमना सांगितलं नव्हतं. तीन वर्षांमागं, अशाच तुरीच्या दिवसांत, त्या दुकानी आल्या ते दोन चौकटी मागायला. नाटक दोन भावांचं होतं. एका घराची वाटणी होते आणि भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात, असं काहीतरी. मी विचारलं, "मधी काय घेतलं?"

त्यांचे डोळे चमकले. "वरून पांढरे दोरे सोडायचे. शंभरेक दोरे. म्हणजे भिंत आहे पण दिसत नाही, असं प्रतीक."

"मॅडम, दोऱ्यातून कुणी पण हात घालतंय. पलीकडचं जेवण दिसतंय. ती काय आडकाठी झाली?"

"मग तुम्ही सांगा."

"चौकटी देतो. भाडं नको. एक अट हाय. दोरे काढा आणि चौकटीत कपाट ठेवा. थोरल्याकडं तोंड, धाकट्याकडं पाठ. आणि लोकांकडं कड करून लावा, त्यांना दोन्ही अंगं दिसली पाहिजेत."

त्यांनी चौकटींकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आणि धाकट्याचं ते स्वगत आहे, भिंतीला डोकं टेकून रडतो ते?"

"काढून टाका. कपाटाच्या पाठीशी कुणी बोलत नसतंय. तो त्याच्यावर कॅलेंडर लावील."

चुंबकाची युक्तीही मीच दिली. फुकट. आयुष्यात एवढा माल मी फुकट कधी दिला नव्हता.

कपाट माझ्या दुकानात एक पडून होतं. ते रशीदभाईंच्या हवाली केलं. रशीदभाई माझे मिस्त्री, पंचवीस वर्षांपासून माझ्याकडं आहेत. त्यांच्या हातून एखादी गोष्ट वाईट दिसेल अशी होतच नाही, आणि तिथंच घात झाला. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो दुकानाला लागला, मी कपाट बघायला गेलो. पाठीचा गंज खरवडून, लांबी भरून, रशीदभाईंनी तिला झकास आकाशी रंग मारला होता. तिच्यात तोंड दिसत होतं.

"हे काय केलं, रशीदभाई?"

"सेठ, श्टेजवर जायलंय ना? पब्लिकला पाठ दिसणार म्हणून राहिले तुम्ही. मंग पाठ बेरंगी कशी ठेवायची? आपली पण इज्जत हाय का न्हाई?"

त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचं चुकलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं, की जुनं आहे असं दिसू द्यायचं नाही. पण रंगवलेली पाठ ही पाठ राहत नाही. मॅडम रडकुंडीला आल्या. संध्याकाळी प्रयोग, नांदेड तीन-साडेतीन तासांवर.

गंजलेली, बिनरंगाची, नऊ वर्षं कुणी रंगाचा हात न लावलेली पाठ मला एकच माहीत होती.

मी बोळातून वळसा घालून रस्त्यावर आलो आणि माझ्याच वडिलांच्या घराची घंटी वाजवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दार वहिनींनी उघडलं. "भावजी!" एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मागून दादा आला. पेपर हातात, चष्मा कपाळावर.

मी म्हणालो, "कपाट पाहिजे. दोन दिवस."

"कशाला?"

"नाटकात."

"नाटकात कपाटाचं काय काम?"

"कपाटाचंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चौकटीकडं बघितलं. साधी बाभळीची, वरच्या कोपऱ्यात वाळवी. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "बाई गं, साड्या काढाव्या लागतील," आणि आत गेल्या. पाठोपाठ दादा म्हणाला, "ओरखडा पडायचा न्हाई. मी येतो संगं."

तो टेम्पोत बसला नाही, एसटीनं आला. पण आला.

नांदेडचं ते थिएटर मला आवडत नाही, खुर्च्या करकरतात. पण त्या संध्याकाळी करकर थांबली होती. रंगमंचावर माझी चौकट, तिच्यात दादाचं कपाट. डावीकडं आरसा, मुठी, उजेड. उजवीकडं गंज, खडूचा आकडा, कोपऱ्यातला पोचा. धाकटा झालेला औषधवाला नुसता बसून होता. महिना संपायचा, तो उठायचा, पान उलटायचा. खट्. पलीकडं थोरला जेवता जेवता थांबायचा आणि पुन्हा जेवायला लागायचा. खट्. बायकांचे केस पिकले, लेकरं मोठी झाली. खट्. मी विंगेत उभा होतो. तिथून मला तिसऱ्या रांगेत बसलेला दादा दिसत होता. दुसऱ्या खट्ला त्यानं चष्मा काढला.

पडदा पडल्यावर तो मागं आला. कपाटाभोवती एक फेरी मारली, ओरखडे बघत असल्यासारखी. मग पाठीसमोर थांबला. आपल्याच कपाटाची पाठ त्यानं घेतल्यापासून बघितली नव्हती. तळहात पत्र्यावरून फिरवला. हाताला गंज लागला.

"दर महिन्याला खट् वाजायचं," तो म्हणाला. "ते हे होय."

मी म्हणालो, "हाव."

मला वाटलं, आता बोलेल. लोक सेट काढत होते, रशीदभाई चौकटीचे स्क्रू काढत होते, मॅडम कुणाच्या तरी गळ्यात पडून हसत होत्या. दादानं रुमालानं हात पुसला आणि म्हणाला, "शेवटची एसटी जाईल." आणि गेला.

नेपथ्याचं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, कपाट हेच नाटक आहे. प्रमाणपत्रावर नाव वैशाली मॅडमचं. तेही मी विसरलेलो नाही.

त्या दोन दिवसांत इकडं घरी काय झालं ते मला परतल्यावर कळलं. मधलं दार मोकळं होतं. सुमन आणि वहिनी उंबऱ्यावर दोन बाजूंनी बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वाट्या इकडून तिकडं गेल्या होत्या. आमच्या घरात वहिनींच्या फोडणीचा वास होता. टेम्पो पुढच्या दाराला लागला तेव्हा दादा बाहेर आला आणि मला विचारलं, मलाच विचारलं, "कुठं ठेवायचं?"

लोक म्हणतील, तेव्हा बोलायला काय झालं होतं? सुमन तर अजून म्हणते. दुकानात ठेवा म्हणायचं, मोडून भंगारात द्या म्हणायचं, एका शब्दाचं काम. पण मी सौदे करणारा माणूस आहे, समोरचा काय टाळतोय ते मला दिसतं. त्याला 'भाऊ' हा शब्द न बोलता सुटायचं होतं. पाहुण्यांसमोर जे बोलला ते तसंच ठेवून, नुसतं सामान हलवून, मोकळं व्हायचं होतं. जसं कपाट आलं होतं तसंच जाणार होतं, कुणीही काही कबूल न करता. कपाटानं घातलेली आडकाठी कपाट काढून जात नसते. मी म्हणालो, "जिथं होतं तिथं."

वहिनी आत गेल्या. रशीदभाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघितलं. कपाट चौकटीत सरकलं, तोंड तिकडं, पाठ इकडं. सुमन आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच म्हणेन. मला हट्टी म्हणा. हट्टी नसतो तर आजही उसन्या सायकलवर असतो.

त्याला तीन वर्षं झाली. दादा निवृत्त झाला, त्याचे गुडघे गेले. आवाज पत्र्यातून अजून येतो, पण जरा खालून, बसलेल्या माणसाचा येतो तसा. पहिल्या तारखेला मी पान उलटतो. एकदा तापानं पडलो होतो, दोन दिवस उशीर झाला. तिसऱ्या दिवशी चुंबक सोडलं तर पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुमन म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हणालो, "खुर्ची हाय. सरकत असतीय."

आज सकाळी चहा घेत होतो. दार उघडं, समोर कॅलेंडर. पलीकडं घंटी वाजली. वहिनींच्या चपला, मग मॅडमचा आवाज. तोच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"सर, ते कपाट हवं होतं. काकांनी तुमच्याकडं पाठवलं."

खुर्ची सरकली. दादा उठला असावा, कारण आवाज वर आला. पत्र्याच्या अगदी जवळ. तो मॅडमशी बोलत होता, पण मॅडम तर पुढच्या दाराशी उभ्या होत्या. इतक्या जवळ येऊन, इतक्या मोठ्यानं बोलायचं कारण नव्हतं.

"मला काय विचारता," तो म्हणाला. "बोळातून जा. मागं माझा धाकटा भाऊ राहतो. त्याला विचारा."

सुमनच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "अहो," ती हळूच म्हणाली, "म्हणाला की हो. बोला काहीतरी."

ऐकलं मी. एकेक शब्द ऐकला. माझा. धाकटा. भाऊ. बारा वर्षांनी भाव बोलला, आणि आधी तो बोलला. पण एका मास्तरणीसमोर बोलला, पाहुण्यांसमोर नाही, आणि मागं राहतो हे शब्द त्यानं अजून सोडलेले नाहीत. सौदा आता कुठं सुरू झाला आहे. अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक आहे. लगेच हो-नाही करायचं नाही. गप्प बसायचं.

बोळात मॅडमच्या चपलांचा आवाज जवळ येत होता. मी उठलो आणि पत्र्यासमोर उभा राहिलो. पलीकडून पावलं परत फिरल्याचा आवाज आला नाही. तोही तिथंच उभा होता, कपाटाच्या तोंडाशी, साड्यांच्या आणि डांबराच्या गोळ्यांच्या पलीकडं. मी चुंबकावर बोट ठेवलं.

नुसतं ठेवलं. महिना संपायला अजून आठ दिवस आहेत. तेवढं त्यानं थांबावं.